सोनाबाई, तुझा रानसुरण

सोनाबाई, एरवी आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणायचो. तू मुलीची आई, मी मुलाची आई. विहिणींना तेच शोभतं. भांडण लागलं की मात्र दोघींच्याही तोंडात आपोआप 'तू' यायचं, आणि भांडण ओसरलं की काही झालंच नाही अशा थाटात आपण 'तुम्ही'वर परत जायचो. आज मी तुला सरळ 'तू' म्हणणार आहे. तू गेलीस तेव्हा आपली निदान तीन भांडणं अर्धवट होती आणि त्यातलं एकही मी सोडून द्यायला तयार नाही.

तुझ्या दिवसाला तांड्यावर बोलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, सोनाबाई म्हणजे गरीब गाय, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मी मागे बायकांमध्ये बसले होते. वाटलं, उठावं आणि सांगावं, बाबा, दुसऱ्या कोणाचं बोलून राह्यला तू. गरीब गाय! माझ्या गेटवर उभी राहून तू जे बोलली होतीस ते त्या माणसानं ऐकायला हवं होतं.

तू पहिल्यांदा आर्णीला आमच्याकडे आलीस तेव्हा अनिता-सुमेधच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. लग्नाला तांड्यावरचं कोणी आलं नव्हतं. बंजाऱ्याची पोरगी बौद्धाच्या घरात गेली म्हणून तुमच्याकडे तिचं नाव घेणं बंद झालं होतं, आणि 'मॅडम, आपल्यात पोरी नव्हत्या का?' असं मलाही आमच्या लोकांनी ऐकवलं होतंच. मग अनिताला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाया गेलं. तुला बाजारात कोणीतरी सांगितलं. तू भर मे महिन्याच्या उन्हात, समोरचं गेट सोडून, बाजूच्या बोळीतून आमच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिलीस.

"अनिता हाये का?"

"आहे ना. या, आत या."

"नाई. इथंच बरी हाये मी."

मी पाणी आणलं. तुझे ओठ उन्हानं फुटले होते, तरी म्हणालीस, तहान नाही. अनिता बाहेर आली, पायरीवर तुझ्याजवळ बसली. तू तिच्या गळ्यात हात टाकलेस आणि दोघी सुरात रडायला लागलात. तुमच्यात बायका असं गळ्यात पडून, बोल लावून रडतात हे मला ठाऊक होतं. फुलसावंगीच्या शाळेत नोकरी केली तेव्हा लांबून ऐकलं होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ते पहिल्यांदा ऐकलं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी आतच उभी राहिले. बाहेर येण्याचा मला हक्क नव्हता असं वाटलं.

निघताना तू पदरानं तोंड पुसलंस आणि आमच्या परसाकडे पाहिलंस. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. एका अंगाला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत, दुसऱ्या अंगाला जांभळाचं जुनं झाड. मधल्या पट्ट्यात ऊन म्हणून येत नाही. मी तिथं गुलाब लावले होते, शेवंती लावली होती, पालक-मेथी टाकून पाहिली होती. गुलाबाच्या नुसत्या काठ्या वाढायच्या. तू वाकून मूठभर माती उचललीस, चुरगाळलीस.

"इथं ऊन कवा येते?"

"येतच नाही म्हणा."

"मंग गुलाब कायले लावले?"

"आवडतात म्हणून लावले."

तू हसलीस. रडून सुजलेल्या डोळ्यांनी, माझ्याच तोंडावर, खुशाल हसलीस. मला राग आला होता, हे आता सांगते.

पुढच्या बाजाराला तू परत आलीस. जुन्या ओढणीच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतंस. सोडलंस तर आत नारळाएवढा, मातकट, अंगावर फोड आल्यासारखा कंद.

"रानसुरन हाये. टेकडीवरून आनला. याले ऊन नाई लागत. सावली पाह्यजे, पाला पाह्यजे, अन् बुडाशी पानी साचलं नाई पाह्यजे. बस. अन् पोरीले हात लावू देऊ नका, खाज सुटन."

मला विचारलंसही नाहीस, हवा आहे का. खुरपं मागून घेतलंस, जांभळाच्या बुंध्यापासून जरा दूर खड्डा केलास, तळाशी पाला घातलास, कंद ठेवलास, वरून माती लोटलीस. पाण्याला त्याही दिवशी नाहीच म्हणालीस.

पावसाळ्यात तो निघाला. एका सकाळी सुमेध काठी घेऊन धावला. जांभळाखाली साप उभा आहे म्हणाला. साप कसला, ते त्याचं खोड होतं. हिरवट, वर पांढुरके ठिपके, हाताला खरखरीत. चार दिवसांत वर एकच मोठं पान छत्रीसारखं उघडलं. त्या अंधाऱ्या पट्ट्यात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी ताठ उभं राहिलेलं पाहिलं.

त्यानंतर तू दर बाजाराला यायला लागलीस. तांड्यावर सांगायचीस, आर्णीच्या बाजारात चालली. त्या कंदाला तू कांदाच म्हणायचीस; आम्हाला सांगायचीस, "कांदा पाहाले आली." मागच्या पायरीवर बसायचीस, अनिता शेजारी बसायची, आणि दोघी त्या पानाकडे पाहत तुमच्या गोरबोलीत बोलायचात. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "लेकीला भेटायला आलात, तर तसं सांगा ना." तर म्हणालीस, "लेकीले नाई आली. कांद्याले आली." आणि अनिता मान खाली घालून हसली. गर्भ गेल्यानंतर ती पोरगी घरात तोंड उघडत नव्हती, सोनाबाई. तुझ्या त्या कांद्याच्या नावानं ती हसली.

दिवाळीनंतर पान पिवळं पडलं, खोड आडवं झालं, सगळं कुजून गेलं. मला वाटलं, मेला. माझ्या हाताला यशच नाही म्हणून मी त्या जागी रोज बादलीभर पाणी ओतायला लागले. तू आलीस, चिखल पाहिलास आणि माझ्यावर ओरडलीस.

"झोपेल हाये थे! झोपेल मानसाच्या तोंडात पानी ओततं का तू? सडून जाईन ना!"

पहिला 'तू' तो. मीही सोडलं नाही. "मग आधी सांगायले काय झालतं तुले? मले काय सपन पडते?"

"इचारलं का तू?"

"लावताना तू इचारलं का मले?"

अनिता मधे पडली नाही. उलट तिला बरं वाटल्यासारखं दिसत होतं. आई आणि सासू भांडायला लागल्या म्हणजे नातं लागलं, असं तिला वाटलं असणार. तू चिखल उपसलास, मी कोरडा पाला आणून टाकला.

असे दोन-तीन पावसाळे गेले. दरवर्षी खोड आधीच्या वर्षापेक्षा जाड, पान आणखी रुंद. तू शेणखत आणायचीस, मी जांभळाचा पाला राखून ठेवायचे. आणि मग ते वर्ष आलं. अनिताला पुन्हा दिवस गेले होते, सहावा महिना होता, आपण सगळ्याच जिवाच्या भीतीनं हळू बोलत होतो. जूनच्या तोंडाशी, पाऊस अजून यायचा होता, जमिनीतून पानाऐवजी एक जाड बोंड वर आलं. तू पाहिलंस आणि बसलीस तिथेच.

"फूल येऊन राह्यलं."

मला आनंद झाला. तुझ्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. म्हणालीस, फूल उघडेल तेव्हा अनितानं ते पाहायचं नाही. पोटुशीनं पाहू नये.

"कोण म्हणतं?"

"सारे म्हनतात."

"सारे म्हणतात म्हणून तर आम्ही सगळं सोडलं. माझ्या घरात हे चालणार नाही."

बाजार नसतानाही तू पुढचे दिवस रोज आलीस. फूल उघडलं त्या सकाळी तू आधीच येऊन बसली होतीस, पदरात लिंबू बांधून. केवढं फूल ते! परडीएवढं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं तांबडं-जांभळं, कडेला चुण्या, मधोमध सुरकुतलेला मोठा गोळा. आणि वास. आधी वाटलं, घूस कुठे मरून पडली असेल. मग कळलं, वास फुलाचाच. दुपारपर्यंत माशा घोंघावायला लागल्या. अनिता नाकाला पदर लावून मागच्या दारात आली तर तू किंचाळलीस.

"तिले आत ने! पाहू देऊ नको!"

"पाहू दे तिले. फूलच हाये थे."

"तुह्या पोटातली नाई थे पोरगी, म्हनून बोलून राह्यली तू!"

"माह्याच घरातली हाये! अन् लिंबू ठेव तिकडे, माह्या परसात हे नाई चालत!"

आपलं हे चाललं असतानाच समोरच्या गेटवर कड्या वाजल्या. शेजारच्या तीन मजलीवाल्यांकडे त्या दिवशी मुलगी पाहायला पाहुणे आले होते. त्यांना जेवण जाईना. घरमालक आला होता, बरोबर गल्लीतले आणखी तिघं-चौघं.

"मॅडम, घरात काही मेलं का?"

"मेलं नाही. मागे फूल उमललं आहे. दोन दिवस वास राहील, मग जाईल."

"फुलाचा असा वास राहाते का?"

आणि मागून कोणीतरी, चेहरा न दाखवता, म्हणालं, "आमाले मालूमच होतं. ह्या लोकाईच्या घरून दुसरा कोनता वास येईन?"

ह्या बोलण्याला मी जन्मभर उत्तरं देत आले. शाळेत, भाड्याची खोली शोधताना, शिक्षकांच्या खोलीत डबा उघडताना. उत्तरं माझ्याजवळ तयार असतात. त्या दिवशीही असती. पण मी तोंड उघडायच्या आत तू बोळीतून पुढे आलीस. कमरेला पदर खोचलेला, हाताला माती.

"कोन म्हनलं थे? समोर ये."

कोणी आलं नाही. घरमालकानं तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोन?"

"मी ह्या घरची विहीन. माही लेक देल्ली मी ह्या घरात."

सोनाबाई, तू लेक दिली नव्हतीस. ती पळून आली होती. चार-पाच वर्षं तुझा तांडा तेच म्हणत होता आणि तूही कधी दुसरं म्हणाली नव्हतीस. 'देल्ली' हा शब्द तू त्या दिवशी भर गल्लीत, अनोळखी माणसांसमोर उच्चारलास. अनिता दाराच्या आड उभी होती. तिनं तो ऐकला.

तू थांबली नाहीस. "वास माह्या कांद्याचा हाये. मी आनला, मी लावला. दोन दिवस नाक झाका. अन् कांद्याबिगर दुसरा कोनता वास येत असन ह्या घरातून तं सांग बावा, कोनता येते? मीबी घेऊन पाहातो."

त्यांच्यातला एक 'नगरपालिकेत अर्ज देतो' म्हणाला. "दे," म्हणालीस. गेले सगळे. दोन दिवसांनी वास गेला, अर्ज कधी आलाच नाही.

आणि मग तू माघारी वळलीस, बोळीकडे गेली नाहीस, समोरच्या पायऱ्या चढून चप्पल काढून बैठकीत आलीस. भिंतीवरच्या फोटोंकडे, बुद्धमूर्तीकडे एकदा पाहिलंस. म्हणालीस, "पानी दे." मी दिलं. उभ्यानं सगळा तांब्या प्यायलीस आणि तोंड पुसता पुसता म्हणालीस, "आता पोरीले आत घे. अजून फूल पाहून राह्यली थे."

त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तेव्हा सुचलं नाही आणि नंतर लाज वाटली. आताही मानत नाही. तुझ्याच घराच्या गेटवर तू उभी होतीस, त्यात माझे आभार कुठून आले?

भाद्रपदात प्रज्ञा झाली. हातीपायी नीट, आवाज तुझ्यासारखा. मी म्हटलं, बघ, तिनं फूल पाहिलं, काय झालं? तू म्हणालीस, काहून होईन, मी लिंबू ठेवलाच होता. तुले दिसला नाही. आजपर्यंत मला माहीत नाही, तू खरंच ठेवला होतास की मला खिजवायला सांगत होतीस. हे आपलं पहिलं अर्धवट भांडण.

गेटवरचं तुझं बोलणं तांड्यावर तुझ्याआधी पोचलं. तुझा दीर उत्तम, ज्याला त्याची माय मेल्यावर तू लहानाचा मोठा केलास, त्यानं तुझ्या हातचं जेवणं सोडलं. पुढच्या श्रावणात तीज बसली. तुमच्या मुली टोपलीत गहू पेरतात, बायका त्याभोवती नाचतात, त्याला तुला कोणी बोलावलं नाही. इतकी वर्षं तू तिथे गाण्याला पुढे असायचीस. तू आमच्याकडे आलीस, टोपली आणलीस, नातीच्या नावानं आमच्या परसात गहू पेरलास. मी म्हटलं, गहू पेर, पण पूजाबिजा नाही. तू म्हणालीस, तुले कोन मांगते पूजा. ह्यावरून आपण पुन्हा 'तू'वर आलो. सावलीत तो गहू पिवळाफटक उगवला. अनिता हिरमुसली. तू म्हणालीस, "पिवळा तं पिवळा. आपल्या घरचा हाये." आणि त्या पिवळ्या गव्हाभोवती, रानसुरणाच्या पानाखाली वाकत वाकत, तू एकटी नाचलीस. मी नाचले नाही. पण टाळ्या वाजवल्या, हे तू तांड्यावर कोणाला सांगितलं नाहीस ना?

कापसाच्या शेवटच्या वेचणीला तू गेलीस. बांधावर बसलीस, डोकं फिरते म्हणालीस, आणि ऑटो येईपर्यंत संपलीस. फोन उत्तमनं केला नाही. तांड्यावरच्या एका पोरीनं अनिताला केला.

आम्ही पोचलो तेव्हा उत्तम तांड्याच्या तोंडाशीच उभा होता. डोळे लाल. म्हणाला, "अनिता येईन. मॅडमनं इथं थांबावं."

मी म्हटलं, "मी थांबायला आले नाही."

त्यानं हात आडवा केला. मी चालतच राहिले. हाताला छाती लागेल इतकी जवळ गेले तेव्हा त्याचा हात खाली आला. दारासमोर बायका बसल्या होत्या. मला वाटलं, आता कोणीतरी उठून जा म्हणेल. तुझी थोरली जाऊ, जिला नीट दिसतही नाही, ती उठली. चाचपडत आली आणि माझ्या गळ्यात हात टाकून तिनं सूर धरला. मला त्यातलं तुझं नाव सोडून काही कळलं नाही. आमच्याकडे आम्ही पांढरं नेसून शांत बसतो, वंदना म्हणतो; असं रडायला मला कोणी शिकवलं नाही. मी बिनसुराची "सोनाबाई, सोनाबाई" म्हणत रडले. ती बाई माझ्या पाठीवर थोपटत होती आणि गात होती. माझं वय साठीच्या पुढे आहे, आणि त्या दिवशी मला वाटलं, माझं माणूस मेल्याचं इतक्या लोकांनी पहिल्यांदाच मान्य केलं.

उत्तम महिन्याभरानं आमच्याकडे आला. हातात कुदळ. पायरीवर बसला, आत आला नाही.

"मॅडम, थे कांदा काढाचा हाये."

"का?"

"वहिनीनं थे टेकडीवरून नाई आनलं. देवाच्या राईतून आनलं. तिथून आम्ही काडी नाई उचलत. त्याच्यानंच गेली थे. मुडद्यासारखा वास येते त्याले, तुमालेबी मालूम हाये."

"कोणी पाहिलं तिला राईतून आणताना?"

"सारा तांडा सांगते."

सुमेध हळूच म्हणाला, "आई, देऊन टाक ना. एक कांदा तर आहे." अनिता दारातून म्हणाली, "काका, याडीच्या कांद्याले हात लावू नका." तुला ती आई नाही, याडीच म्हणायची. मी परसाच्या वाटेत उभी राहिले. उत्तम उठला नाही. त्यानं कुदळ मांडीवर घेतली आणि रडायला लागला. "माह्या मायनं नाई केलं तेवढं तिनं केलं," म्हणाला. "मले काही तं करू द्या."

मला त्याचं दुःख कळलं, सोनाबाई. तुझ्या हातचं जेवण त्यानं सोडलं होतं, आणि आता ते परत सुरू करायची सोय उरली नव्हती. पण दुःख कळलं म्हणून परस खोदायला देऊ? मी नाही म्हटलं. तो गेला.

दुसऱ्यांदा तो मी विहारात गेले असताना आला. सुमेधनं मागचं दार उघडून दिलं. मी परतले तर सगळं परस उलटंपालटं. कंद जमिनीखाली झोपलेला, वर खूण काही नाही, त्यामुळे त्यानं दिसेल तिथं खोदलं होतं. शेवटी सापडला. चांगला घमेल्याएवढा झाला होता, सुमेध म्हणाला. उत्तमनं तो धोतराच्या फडक्यात बांधून नेला आणि राईत नेऊन पुरला. मी सुमेधला विचारलं, का उघडलं दार? म्हणाला, किती दिवस भांडण चालवायचं, आई? मी म्हटलं, तुझ्या बायकोच्या आईनं हे घर स्वतःच्या तोंडानं आपलं म्हटलं, ते भांडत असतानाच म्हटलं. अनितानं त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. दोनच दिवस, कारण ती तुझ्यापेक्षा मऊ आहे.

तू खरंच तो राईतून आणला होतास का? मला नेहमी टेकडीवरूनच सांगितलंस. गावच्या देवाला न विचारता काडी मोडली तर घर बसतं, असं मानणारी बाई तू. पोटुशीनं फूल पाहू नये म्हणून किंचाळणारी. आणि देवाच्या राईतला कंद उकरून माझ्या परसात आणून लावलास? लेकीला भेटायला निमित्त हवं म्हणून? तसं असेल तर तू देवाला माझ्यापेक्षा जास्त वेळा हरवलंस. मी त्याला मानतच नाही, त्यामुळे मला काही पणाला लावावं लागलं नाही. तू मानत होतीस आणि तरी गेलीस. हे तुला विचारायचं राहिलं. हे आपलं दुसरं भांडण.

तिसरं, तू आता कुठे आहेस ह्याचं. अनिता प्रज्ञाला सांगते, याडी वर आहे. मी सांगते, वर काही नाही. मला आत्मा माहीत नाही, स्वर्ग माहीत नाही. हे सगळं मी कोणाला सांगते आहे, तर कोणालाही नाही. तरी सांगणार. माझी जीभ आहे, मला बोलायचं आहे, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून गप्प बसायची सवय मला कधीच नव्हती.

आता झालेलं सांगते. पाऊस पडला आणि पंधरवड्यात उत्तमनं उकरलेल्या परसात रानसुरण निघाला. मोठ्या कंदाला चिकटलेली पिल्लं कुदळीच्या घावानं सुटली होती आणि ढेकळांबरोबर सगळीकडे पसरली होती. एक जांभळाखाली, एक भिंतीला लागून, दोन मेल्या गुलाबाच्या जागी, एक अगदी पायरीजवळ. ठिपक्याठिपक्यांची, बोटाएवढी जाड, पण ताठ. राईतलाही निघाला म्हणे. तांड्यावरच्या पोरीनं अनिताला सांगितलं. आणि अनितानं तिला आमच्याकडचं सांगितलं असणार, कारण परवा उत्तमचा फोन आला.

"मॅडम, पुन्हा निंघालं म्हनते?"

"निघालं. पाच निघाले."

"पाच?"

"सगळं परस तुम्हीच खोदलं ना. नाहीतर एकच राहिला असता."

मग म्हणाला, "मी येतो."

"या. कुदळ आणू नका, घरात आहे. शेणखत मात्र आणा. सोनाबाई आणायच्या, आता कोणी आणत नाही."

त्यानं फोन ठेवला. सुमेध म्हणाला, "आई, काहून डिवचतं त्याले?" मी डिवचलं नव्हतं. खत खरंच संपलं होतं.

काल सकाळी मी आणि अनितानं नदीवरून गोटे आणले, चुन्यानं पांढरे केले आणि पाचही रोपांभोवती गोल मांडले. बोळीतून दिसतात, शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसतात, पान वाळून गेल्यावर भर उन्हाळ्यातही दिसतील. कोणाला शोधत परस उकरायची गरज नाही. ज्याला उपटायचे असतील त्यानं दिवसाउजेडी यावं. मी घरीच असते.